उघडता येईल तीच गादी

गेल्या कार्तिकात, धानाची कापणी उरकून खळ्यावर चुरणे चालू असताना, नागपूरहून आलेल्या माझ्या भाच्याने आमच्या बैठकीच्या खोलीतील सागवानी खुर्च्यांच्या गाद्या एकेक करून हाताने दाबून पाहिल्या आणि ‘मामाजी, आता सगळीकडे फोमच भरा, कापूस कोणी भरत नाही,’ असा निकाल दिला. मुलगा शहाणा आहे, त्याचा हेतू निर्मळ आहे, आणि त्याने सांगितलेले मत त्याच्या एकट्याचेही नव्हे. साकोलीपासून गोंदियापर्यंत कोणत्याही फर्निचरच्या दुकानात पाऊल ठेवावे, तर हेच मत, हीच शब्दयोजना आणि हाच आत्मविश्वास आढळतो. फोम मऊ असतो, त्याला निगा लागत नाही, तो वर्षानुवर्षे आकार सोडत नाही, आणि कापूस ही जुन्या काळच्या नाइलाजाची वस्तू होती, अशी ही एकंदर कैफियत आहे. तिच्यावर कोणी लेखी हरकत घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही; आणि बिनहरकत राहिलेला दावा काही काळाने वहिवाट होऊन बसतो, हे जमिनीच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या आम्हां नवेगाव बांधच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. सबब ही हरकत मी नोंदवीत आहे.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो, म्हणजे वाचकाला ते पुढे शोधीत बसावे लागणार नाही. घरातील बसण्यानिजण्याच्या वस्तूंत भरावयाचे द्रव्य निवडताना पहिली कसोटी ही असावी की, ते उघडून पाहता यावे, झाडता यावे, बिघडल्यास सुधारता यावे आणि त्याच खोळीत पुन्हा भरता यावे. मऊपणा, रूप आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. दुकानात हा क्रम नेमका उलटा लावला जातो. मऊपणा प्रथम दाखविला जातो, कारण तो अर्ध्या मिनिटात दाखविता येतो, आणि उरलेल्या गोष्टी कळायला दोन पावसाळे जावे लागतात.

तेव्हा मऊपणाचाच विचार प्रथम करू. माझ्या आईचे वय आज ब्याऐंशी आहे आणि तिचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या आग्रहावरून तिच्या नेहमीच्या खुर्चीतील जुनी कापसाची गादी काढून मी तीत फोमची गादी घातली, आणि पहिल्या दिवशी ती संतोषाने बसलीही. चौथ्या की पाचव्या दिवशी मात्र तिने मला हाक मारून सांगितले, ‘बापू, याच्यातून उठूच होत नाही.’ मी प्रथम ते वयाचे लक्षण मानले. परंतु संध्याकाळी फूटपट्टी घेऊन बसलो तेव्हा कारण समोर उभे राहिले. खुर्चीची लाकडी बैठक जमिनीपासून चौदा इंच आणि गादी चार इंच, म्हणजे रिकाम्या खुर्चीची उंची अठरा इंच. आई बसताच गादी अडीच इंच खचे आणि बैठक साडेपंधरा इंचांवर येई. जुन्या गादीवर हीच खच इंचभरसुद्धा नव्हती. निरोगी माणसाला हा फरक जाणवणारही नाही. पण ज्याचे गुडघे काटकोनापेक्षा अधिक दुमडल्यावर साथ देत नाहीत, त्याच्या दृष्टीने हे दीड इंच म्हणजे आपल्या बळावर उठणे आणि दुसऱ्याचा हात मागणे यांतील अंतर आहे. मऊपणा हा गुण खरा, परंतु कोणासाठी, किती वेळासाठी आणि कोणत्या पायावर, हे विचारल्यावाचून त्याला गुण म्हणणे योग्य नव्हे. गादी ज्यावर टेकते ते सपाट प्लायवूड आहे, ताणलेली नवार आहे, की अंबाडीच्या दोरीने विणलेली बाज आहे, यावरही तिचा सारा स्वभाव बदलतो. दोरीची वीण स्वतःच लवते, तिच्यावर लवचीक भरण घातले म्हणजे दोन लवणाऱ्या वस्तू एकमेकींवर ठेवल्यासारखे होते आणि कंबर अधांतरी राहते. सपाट फळीवर कठीण भरण घातले तर तेही तितकेच अनुचित. दुकानदाराने मला यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. त्याने फक्त एक आकडा सांगितला.

या आकड्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण सारा व्यापार आज त्याच्यावर उभा आहे. ‘चाळीस डेन्सिटीचा माल आहे’ असे सांगितले म्हणजे ग्राहकाला वाटते की हा मजबुतीचा किंवा कठीणपणाचा दाखला मिळाला. वास्तविक डेन्सिटी म्हणजे घनता, आणि ती केवळ एक घनमीटर फोमचे वजन किती किलो भरते एवढेच सांगते. गादी किती कठीण किंवा किती मऊ लागेल हे वेगळेच माप आहे. ठरावीक जाडीपर्यंत ती दाबण्यास किती बल लागते ते मोजून ते काढतात, आणि एकाच घनतेचा फोम मऊही असू शकतो व कठीणही. घनता फार तर टिकाऊपणाचे लक्षण आहे, तेही माल शुद्ध असेल तर. आता हा आकडा खरा की खोटा हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानाचा काटा पुरतो. बावीस इंच लांब, बावीस इंच रुंद आणि चार इंच जाड अशी गादी घनतेने ४० असेल तर खोळीवाचून तिचे वजन सव्वा किलोच्या थोडे वर भरले पाहिजे. ३२ असेल तर जवळजवळ एक किलो. आईच्या खुर्चीतील, चाळीसची म्हणून मला दिलेली गादी मी शेजारच्या काट्यावर ठेवली तेव्हा ती ८२० ग्रॅम भरली, म्हणजे तिची घनता सव्वीसही नव्हती. दुकानदाराचे नाव मी येथे घेत नाही, कारण एका माणसावर फिर्याद करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. वजन करून माल घेण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या आपल्या लोकांनी हा एकच जिन्नस शब्दावर घ्यावा, याचे मला दुःख आहे. आणि काट्यावर बरोबर भरला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. हलक्या फोमचे वजन वाढविण्यासाठी त्यात खडूच्या जातीची खनिज भुकटी मिसळतात, आणि तुकडे चिकटवून दाबलेला रिबॉन्डेड फोम तर मुळातच भारी असतो. तेव्हा वजन हा पुरावा कमी भरल्यास निर्णायक आणि पुरते भरल्यास केवळ प्राथमिक समजावा.

जुन्या लोकांकडून या बाबतीत एक साक्ष नेहमी काढली जाते. ‘आमच्या वडिलांच्या वेळची डनलॉपची गादी तीस वर्षे टिकली,’ असे ते सांगतात, आणि ते खोटे सांगत नाहीत. परंतु ती साक्ष दुसऱ्याच वस्तूची आहे. १९२९ च्या सुमारास इंग्लंडात डनलॉप कंपनीच्या लोकांनी रबराच्या झाडाचा चीक फेसाळून, त्याला आकार देऊन पक्का करण्याची रीत काढली, आणि त्या रबरी गाद्यांचे नाव आपल्याकडे इतके रुळले की पुढे प्रत्येक मऊ गादी ‘डनलॉप’च झाली. आज दुकानात मिळतो तो बहुतांशी पॉलियुरेथेनचा फोम. त्या रसायनाचा शोध जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओट्टो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला आणि त्याचा मऊ फोम १९५० नंतरच्या दशकात बाजारात आला. दोन द्रव एकत्र आले की त्यांतील अल्पशा पाण्यामुळे कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तो वायू द्रवाला फुगवितो, आणि फुगलेले द्रव्य त्याच स्थितीत घट्ट होते. ३२ घनतेच्या गादीत म्हणूनच शंभरातील सुमारे सत्त्याण्णव भाग हवा असते आणि उरलेल्या तीन भागांच्या बारीक ताणांवर माणसाचा सारा भार पडतो. रबराच्या चिकाने दिलेल्या तीस वर्षांच्या सेवेवरून या दुसऱ्या द्रव्याला जामीन राहणे न्यायाला धरून नाही.

आईच्या गादीची खोळ मी दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस उसवली. खिडकीच्या बाजूचा जो कोपरा होता तो हळदीसारखा पिवळा पडला होता, अंगठा दाबताच त्यावर खड्डा राहत होता, आणि खोळीच्या शिवणीत पिवळसर भुग्याची एक रेघ साचली होती; तो भुगा बोटांत चोळला तर चिकटत होता. मधला भाग, जेथे आई बसे, तेथे गादी साडेतीन इंचांवर आलेली होती. प्रकाश, उष्णता आणि दमट हवा या तिन्हींनी हे द्रव्य हळूहळू कुजते, आणि आमच्या गावी या तिन्हींची कमतरता नाही: ज्येष्ठापर्यंत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास, त्यामागून चार महिने जलाशयाच्या काठची ओल. परंतु माझी मुख्य तक्रार कुजण्याविषयी नाही. कापूसही बिघडतो, लाकूडही बिघडते. तक्रार ही की, तो पिवळा कोपरा हाती आल्यावर त्याचे काय करावे याला उत्तरच नव्हते. तो धुता येत नव्हता, उन्हात टाकता येत नव्हता, कारण ऊन हेच त्याच्या नाशाचे एक कारण. तो कापून नवा तुकडा जोडावा तर जोडाशी बसणाऱ्याला कड टोचते. एक कोपरा गेला की संपूर्ण गादी गेली.

येथे प्रतिपक्षाचे सर्वांत आवडते विधान पुढे येते: फोमला निगा लागत नाही. या विधानाला उत्तर देण्यास माझे गाव जितके अधिकारी आहे तितके दुसरे क्वचितच असेल. आमच्या गावाच्या नावातच बांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीच्या भरावाने अडवून हा विस्तीर्ण तलाव निर्माण केला. त्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाला पुढे कोलासुर म्हणून देवत्व मिळाले. हा तलाव, आणि पूर्व विदर्भातील कोहळ्यांनी बांधलेले असे हजारो लहानमोठे तलाव व बोड्या, कधीही निगेवाचून टिकले नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरले की गाळ काढणे आणि तो शेतात नेऊन टाकणे, पाळीला पडलेली बिळे बुजविणे, सांडवा मोकळा करणे, पाटाच्या पाळ्या ठरविणे, ही सारी कामे मालगुजाराच्या अमलात वर्षाच्या वर्षाला होत असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, १९५१ साली तलाव सरकारजमा झाले, आणि मालगुजारीतील अन्यायाचा अंत झाला ही गोष्ट निःसंशय इष्ट होती. परंतु तिच्याबरोबर, गाळ कोणी काढावयाचा, हा प्रश्नही बेवारस झाला. आज ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने सरकारी कागदांत जे नोंदलेले आहेत त्यांतील कितीतरी गाळाने उथळ झाले. जे तलाव टिकले ते कोणीतरी दरवर्षी फावडे घेऊन पाळीवर गेल्यामुळे टिकले, आणि त्यांच्या मातीचा गुण एवढाच की ती दुरुस्तीला वाव देत होती. जेथे खचली तेथे तीच माती पुन्हा घालून चोपता येत होती. निगा लागते हा मातीच्या बांधाचा दोष मानून जर कोलू पाटील काम सोडून गेले असते, तर आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी मिळाले नसते. कापसाच्या गादीला निगा लागते हे मी मान्य करतो, आणि जिला निगा लागूच शकत नाही अशी वस्तू तिच्याहून वरच्या दर्जाची आहे हे अमान्य करतो. निगा लागत नाही या शब्दांचा, व्यवहारात, निगा करता येत नाही एवढाच अर्थ निघतो.

आता कापसावरील आक्षेप. त्याचे गोळे होतात, तो बसून जातो, तो जड असतो, पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो. यांपैकी एकही आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. परंतु गोळे का होतात हे ज्याने पिंजाऱ्याला काम करताना पाहिले आहे त्याला ठाऊक असते. चांगला कारागीर उसवलेला जुना कापूस प्रथम हाताने मोकळा करतो, त्यातील सरकीचे तुकडे व कचरा वेचतो, आणि मग तो पिंजतो. पूर्वी धनुकलीच्या तातीचा तो विशिष्ट टणत्कार गल्लीभर ऐकू येई, आता विजेवरचे यंत्र आले आहे. पिंजलेला कापूस तो गादीपाटावर थरांनी पसरतो, मूठमूठ कोंबीत नाही. चारही कोपरे मधल्या भागापेक्षा अगोदर आणि अधिक भरतो, कारण कोपरे प्रथम रिते होतात. थर काठीने सारखे करतो. आणि खोळ शिवल्यावर दाभणाने आरपार टाके घालतो. हे टाके शोभेसाठी नसतात. तंतूंचा समूह बसणाऱ्याच्या भाराखाली सरकू पाहतो, त्याला ठिकठिकाणी बांधून ठेवणे हे टाक्यांचे कार्य. वीतभर अंतरावर टाके असतील तर गोळे क्वचितच होतात. हल्लीच्या तयार गाद्यांत टाके विरळ, कापूस गिरणीच्या झाडणीतला किंवा रंगीत चिंध्या पिंजून केलेला, आणि भरणी कोंबून केलेली असते. अशा गादीचे गोळे झाले म्हणून कापसाला दोषी धरणे म्हणजे साक्षीदार बदलून निकाल घेणे होय.

कापसाचीही निवड असते, आणि ती सुताच्या निवडीच्या नेमकी उलट आहे, हे फारसे कोणी सांगत नाही म्हणून येथे नमूद करतो. सूत काढण्यास लांब आणि तलम धाग्याचा कापूस उत्तम. गादीत भरण्यास आखूड, जाडसर, किंचित खरखरीत धाग्याचा देशी कापूस उत्तम, कारण त्याचा तंतू दाबला तरी पुन्हा उभा राहू पाहतो आणि तो अनेक वेळा पिंजता येतो. वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात हा देशी कापूस एके काळी सर्वत्र असे. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर लांब धाग्याच्या संकरित वाणांनी शेते व्यापली आणि देशी वाण तुरळक उरले. आमचा मुलूख धानाचा, आमच्याकडे कापूस बाहेरूनच येतो. म्हणून घेताना कोणता आणि कोठला हे विचारून घ्यावा, आणि शक्यतो सरकी काढलेली ताजी रुई घेऊन ती आपल्या डोळ्यांसमोर पिंजवून घ्यावी. बावीस इंची चौरस, चार इंची गादीस मला अडीच किलो रुई लागली. हा कापूस जड वाटतो खरा. परंतु बसण्याची गादी रोज उचलून फिरावयाची नसते.

ओलीचा प्रश्न राहिला. शंभर ग्रॅम कोरडा कापूस साधारण दमट हवेत साडेआठ ग्रॅम पाणी स्वतःत सामावून घेतो. पॉलिएस्टरचा तंतू अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. हाच गुण उन्हाळ्यात घाम टिपतो आणि हाच गुण पावसाळ्यात कुबट वासाला निमंत्रण देतो. दोन्ही एकाच स्वभावाची अंगे आहेत, आणि त्यांतील दुसऱ्यावर उपाय आमच्या आज्यांनी ठरवून ठेवला आहे: आश्विनातील कडक ऊन पडू लागले की घरातील साऱ्या गाद्या, उशा, लोड अंगणातल्या बाजेवर टाकावेत, दुपारी एकदा उलटावेत, आणि सूर्य कलण्यापूर्वी काठीने झोडून आत घ्यावेत. कापूस उन्हात फुलतो, हे शब्दशः खरे आहे. ओल गेली की चिकटलेले तंतू सुटतात आणि गादी बोटभर उंच होते. ज्या द्रव्याला ऊन मानवते ते आमच्या हवेत निभावते, एवढा अनुभव तरी झाडीपट्टीतील कोणताही गृहस्थ सांगू शकेल.

कापसाचा कैवार घेताना मी जुन्या प्रत्येक गोष्टीचा कैवार घेत आहे असा समज होऊ नये, म्हणून सावरीचाही विचार करतो. आमच्या रानात आणि शेतांच्या धुऱ्यांवर काटेसावर पुष्कळ. फाल्गुनात तिची लाल फुले उमलली की मैना आणि भोरड्या तिच्यावर तुटून पडतात, आणि वैशाखात बोंडे फुटून म्हाताऱ्या उडू लागतात. या रेशमी तंतूची उशी फार हलकी, थंड आणि गुळगुळीत होते, आणि डोक्याखाली तिच्यासारखे सुख दुसरे नाही. परंतु हा तंतू ठिसूळ आहे. तो कातता येत नाही, त्याला पीळ धरवत नाही, आणि बसणाऱ्या माणसाच्या भाराखाली त्याचा वर्ष-दोन वर्षांत भुगा होतो, जो पिंजून पुन्हा उभा करता येत नाही. माझ्याच कसोटीने सावर बैठकीच्या गादीस बाद होते. उशीसाठी धुऱ्यावरच्या आपल्या झाडाची बोंडे घ्यावीत. आमच्या गावाजवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील बोंडे जेथल्या तेथे राहू द्यावीत.

अलीकडे मोठ्या शहरांतील दुकाने पिसांनी भरलेल्या उशागाद्या प्रतिष्ठेची वस्तू म्हणून विकू लागली आहेत, त्यांविषयी दोनच वाक्ये पुरेत. हंस आणि बदक यांची छातीवरची मऊ पिसे त्यांना थंड पाण्यावर ऊब राहावी म्हणून असतात, आणि ज्या गावात वैशाखात रात्रीही भिंती तापलेल्या असतात तेथे ती ऊब विकत घेणे निष्प्रयोजन आहे. ज्यांनी हिवाळ्यात आमच्या तलावावर तलवार बदकांचे आणि अडईंचे थवे उतरताना पाहिले आहेत, त्यांना ती पिसे ज्याची त्याच्या अंगावर राहावीत असेच वाटेल.

आगीचा मुद्दा मात्र दोन वाक्यांत आटोपण्याजोगा नाही. कापूसही जळतो, विडीची ठिणगी पडली तर तो तासन्‌तास धुमसतो, आणि त्यामुळे घरे गेल्याची उदाहरणे आहेत. परंतु धुमसणे आणि भडकणे यांत माणसाला पळण्यास मिळणाऱ्या वेळाची तफावत आहे. अप्रक्रियित पॉलियुरेथेन फोम पेटला की वितळत, ठिबकत, झपाट्याने जळतो आणि त्याच्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा अत्यंत विषारी वायू असतो. मँचेस्टर शहरात मे १९७९ मध्ये वूलवर्थच्या दुकानात फोम भरलेल्या फर्निचरला आग लागून दहा माणसे मृत्युमुखी पडली, आणि अखेर ब्रिटिश सरकारला १९८८ साली घरगुती फर्निचरच्या भरणासाठी आगीसंबंधीचे कडक नियम करावे लागले. आमच्याकडे देवघर, चूल आणि बैठक एकाच छपराखाली, क्वचित एकाच खोलीत असतात. निदान कापडाच्या खोळीखालील भरण कोणत्या जातीचे आहे आणि त्यावर आगरोधक प्रक्रिया झाली आहे काय, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने तोंडावर विचारला पाहिजे. मी विचारला तेव्हा दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला.

मग फोमला स्थानच नाही काय? आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगणे प्रतिवाद करणाराचे कर्तव्य आहे. मोटारीच्या व बसच्या आसनात, जेथे धक्के शोषणे हेच मुख्य काम असते, तेथे कापूस निरुपयोगी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी डॉक्टर जी गादी सांगतील तीच आणावी, मग ती हवेची असो की फोमची. तेथे माझ्यासारख्याचे मत पुढे करणे हा अपराध होईल. ज्यांना कापसाच्या धुळीने दम लागतो त्यांनीही फोमच वापरावा, आणि पिंजणाऱ्याने स्वतःच्या फुफ्फुसांसाठी तोंडाला फडके बांधल्याखेरीज यंत्र चालू करू नये असा घरमालकाने आग्रह धरावा. सोफ्याच्या पाठीस, जेथे भार थोडा असतो, तेथे मध्यम घनतेचा फोम चालतो. आणि बसण्याच्या जागी घ्यावयाचाच झाला तर कठीण जातीचा, खऱ्या चाळीसचा घ्यावा, काट्यावर घालून घ्यावा, खोळीला चेन लावून घ्यावी म्हणजे आत काय आहे ते केव्हाही पाहता येईल, आणि खिडकीचे ऊन त्यावर येऊ देऊ नये. सपाट फळीवर काथ्याचा पातळ थर, त्यावर कापसाची टाके घातलेली गादी, ही जोडणी माझ्या अनुभवात सर्वांत टिकाऊ ठरली आहे. काथ्या हवा खेळती ठेवतो आणि कापसाला खालून ओल धरू देत नाही.

शेवटचा आक्षेप भाच्याचाच, आणि त्याच्या साऱ्या म्हणण्यात मला तो सर्वांत वजनदार वाटतो: पिंजारी आता आहेत कोठे? गावोगावी फिरणारे पिंजारी कमी झाले हे खरे, पण ते कामावाचून कमी झाले, आणि ते काम आपणच काढून घेतले. एका गल्लीतील चार घरांनी मिळून निरोप धाडला तर तालुक्याच्या गावाहून यंत्र गाडीवर घालून माणूस येतो. एका घराच्या दोन उशांसाठी तो येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. तलावाच्या पाटाला पाणी सोडण्याचे दिवस जसे गावाने एकत्र ठरवावे लागतात, तसाच हा एक दिवस ठरवावा लागतो. माघात आम्ही पाच घरांनी तसा निरोप धाडला. पिंजारी सकाळी आला, आमच्या अंगणात त्याने यंत्र मांडले, आणि दुपारपर्यंत माझ्या आईच्या लग्नातल्या गादीचा कापूस, ज्याला साठ वर्षे होऊन गेली, तिच्या खुर्चीच्या नव्या खोळीत भरला. कमी पडली तेवढी ताजी रुई घातली. संध्याकाळी आई बसली, मी पुन्हा फूटपट्टी लावली, आणि खच पाऊण इंच आली.

काढलेला फोम अजून आमच्या पडवीत पडून आहे. निघताना पिंजाऱ्याने तो हातात घेतला, दाबून पाहिला, त्याचा पिवळा कोपरा बोटाने खरवडला आणि परत ठेवला. त्याचे पुढे काय करावयाचे ते त्याला सांगता आले नाही, आणि मलाही आलेले नाही.